हिवाळी खेळांच्या समालोचकाला गुण कसे द्यायचे

फेब्रुवारीतल्या संध्याकाळी आमच्या वाचनालयाच्या खोलीत डोक्यावर पंखा गरगरतो आणि समोरच्या पडद्यावर बर्फ पडत असतो. दहा-पंधरा जण जमतात, टपरीवरून भाजीपाव येतो, प्रत्येकाच्या हातात एकेक गुणपत्रिका असते. खेळाडूंना गुण द्यायला पंच आहेत. आम्ही गुण देतो समालोचकांना. आणि दर वेळी घोळ तोच. मागे एकदा एकाच समालोचकाला एकाने ८५ दिले, दुसऱ्याने ४०. कारण विचारलं तर पहिला म्हणाला, “आवाज काय खणखणीत!” दुसरा म्हणाला, “मला नाही आवडला.” तो माणूस पाऊण तास बोलला होता, पण त्याचं एकही वाक्य दोघांच्या कागदावर नव्हतं.

मी स्वतः फोंडा तालुक्यातल्या मैदानांवर फुटबॉलच्या स्पर्धांत बरीच वर्षं माइक धरलाय. त्यामुळे समालोचकाची जीभ घसरली तर मला दया येते, पण तो तयारी न करता आला असेल तर मुळीच येत नाही. घसरलेली जीभ कोणती आणि न केलेली तयारी कोणती, हे ऐकून ओळखायची पद्धत खाली देतोय. क्रम बदलू नका. निम्म्या चुका क्रम बदलल्यानेच होतात.

टप्पा १ : एका वेळी एकच खेळ घ्या

पूर्ण रात्रीच्या प्रक्षेपणाला एकगठ्ठा गुण देऊ नका. फिगर स्केटिंगवर उत्तम बोलणारा बायॅथलॉनमध्ये, म्हणजे स्कीइंग आणि रायफल नेमबाजीच्या जोडखेळात, चाचपडू शकतो. हिवाळी खेळांचे ढोबळ तीन प्रकार धरा.

घड्याळाचे खेळ : ल्यूज (बर्फाच्या घसरणीवरून उताणं झोपून घसरगाडी हाकणं), अल्पाइन स्कीइंग, स्पीड स्केटिंग. निकाल आकड्यात येतो, वाद कमी. नवख्याने सुरुवात इथून करावी.

पंचांचे खेळ : फिगर स्केटिंग, स्की जंपिंग, फ्रीस्टाइल. समालोचकाची खरी परीक्षा इथे लागते.

डावपेचांचे खेळ : कर्लिंग (बर्फावर दगड सरकवून नेमक्या जागी थांबवणं), आइस हॉकी. कॅरम खेळलेल्या माणसाला कर्लिंग पंधरा मिनिटांत कळतं, हा माझा अनुभव.

निवडलेल्या खेळाचे पाच नियम आधी कागदावर लिहा. पाचच. तेवढेही माहीत नसतील तर समालोचकाची चूक तुम्हाला दिसणार नाही आणि तुम्ही त्याच्या आत्मविश्वासाला गुण द्याल.

टप्पा २ : वेळ, रेकॉर्डिंग, कागद

स्पर्धा युरोपात असेल तर घड्याळाचं गणित आधी करा. मिलानो-कोर्तिनाची हिवाळी ऑलिम्पिक स्पर्धा, म्हणजे ६ ते २२ फेब्रुवारी २०२६, इटलीत. हिवाळ्यात इटली आपल्या साडेचार तास मागे असते. तिथली सकाळची दहाची शर्यत आपल्याकडे दुपारी अडीचला, पण रात्री आठचं स्केटिंग आपल्या मध्यरात्रीनंतर साडेबाराला. साडेबाराला जांभया देत दिलेले गुण मी फाडून टाकतो. रेकॉर्ड करा किंवा ॲपवर पूर्ण पुनर्प्रक्षेपण मिळतं का ते बघा, आणि सकाळी चहा घेऊन बसा. रेकॉर्डिंगचा आणखी एक फायदा म्हणजे नेमक्या शेवटच्या उडीला वीज गेली तरी काही बिघडत नाही.

कागदावर तीन रकाने पाडा : वेळ, वर्णन करणारा, विश्लेषक. बहुतेक प्रक्षेपणांत दोन आवाज असतात. एक काय चाललंय ते सांगतो. दुसरा, बहुधा माजी खेळाडू, का ते सांगतो. एकाची चूक दुसऱ्याच्या खात्यात टाकणं ही आमच्याकडची सर्रास चूक आहे. पहिली दोन मिनिटं फक्त आवाज ओळखण्यात घालवा.

सावधान : ठळक क्षणांच्या संकलित चित्रफितीवर गुण देऊ नका. त्यात समालोचकाच्या शांत जागा कापलेल्या असतात आणि काही वेळा आवाजही नंतर चढवलेला असतो.

सावधान : एकाने टीव्हीवर आणि दुसऱ्याने मोबाइलवर थेट बघू नये. मोबाइल बहुधा काही सेकंद मागे असतो. टीव्हीवाला ओरडला की मोबाइलवाल्याचं समालोचन वाया गेलंच.

टप्पा ३ : आधी आवाज बंद करून पाहा

लोक सगळ्यात जास्त हाच टप्पा गाळतात, आणि पुढचं सगळं तर यावरच उभं आहे.

दहा मिनिटांचा तुकडा घ्या, आवाज पूर्ण बंद करा, पाहा. जे कळलं नाही ते प्रश्नरूपात लिहा. “हा कमी अंतर उडून पुढे कसा?” “ही पडली तरी दुसऱ्या क्रमांकावर का?” “तो रायफल घेऊन परत चक्कर का मारतोय?” दहा मिनिटांत सहा-सात प्रश्न निघतात. हीच तुमची प्रश्नपत्रिका. समालोचकाने तिची उत्तरं दिली का, आणि तुम्हाला प्रश्न पडला त्याच सुमाराला दिली का, हे पुढे बघायचंय.

तपासणी : एकही प्रश्न पडला नसेल तर एक तर तुम्ही त्या खेळाचे जाणकार आहात किंवा मोबाइल बघत होता.

टप्पा ४ : आता आवाजासह, हातात पेन घेऊन

तोच तुकडा पुन्हा लावा. प्रत्येक कामाच्या वाक्यापुढे एक खूण करा. ‘आ’ म्हणजे घटनेच्या आधी सांगितलं. ‘नं’ म्हणजे घडल्यावर सांगितलं. ‘दि’ म्हणजे पडद्यावर दिसतंय तेच पुन्हा बोलून दाखवलं. ‘चू’ म्हणजे चूक वाटते, पडताळायची आहे.

सगळ्यात मौल्यवान खूण ‘आ’. अल्पाइन स्कीइंगचं उदाहरण घ्या. स्लॅलमच्या, म्हणजे खांबांमधून वळणं घेत उतरायच्या शर्यतीच्या, दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीतला तिसावा आधी उतरतो आणि पहिला त्या तिसांत शेवटी. समालोचकाने हे सुरुवातीला सांगितलं नाही तर घरातला माणूस पहिल्या पाच जणांतल्या आघाडीवरच्याला टाळ्या वाजवत बसतो, आणि पुढच्या अर्ध्या तासात तो पंचविसावा होतो. शर्यत चालू असताना पडद्यावर हिरवा किंवा लाल आकडा येतो, पुढे की मागे. “शून्य पूर्णांक चौतीस मागे” हे ‘दि’. “पुढच्या उताराआधीच्या वळणावर बघा, तिथे उशिरा वळलेले सगळे वेळ घालवून बसलेत” हे ‘आ’. असं वाक्य एका फेरीत दोनदा जरी आलं तरी त्या माणसाने सकाळी धावपट्टीचा अभ्यास केलाय असं समजा.

‘दि’च्या खुणा निम्म्याहून जास्त झाल्या तर तो रेडिओची भाषा टीव्हीवर वापरतोय. आमच्याकडे ही खोड जुनी आहे. मैदानावर माइक धरताना मीही “चेंडू डावीकडे, चेंडू डावीकडे” करायचो, आणि शेवटी एका भाटकाराने, म्हणजे जमीनदाराने, ऐकवलं, “आमकां दोळे आसात मरे.”

टप्पा ५ : चुका पडताळा

‘चू’ची खूण केलेलं प्रत्येक वाक्य थांबवून, रिप्ले बघून आणि अधिकृत निकालपत्रकाशी ताडून बघायचं. जिथे समालोचक नेहमी सापडतात अशा जागा सांगतो.

फिगर स्केटिंगवर जरा थांबतो, कारण इथेच सगळ्यात जास्त ठोकून दिलं जातं. उड्या सहा : टो लूप, सॅल्को, लूप, फ्लिप, लुट्झ, ॲक्सल. ॲक्सल ओळखणं सोपं, खेळाडू तोंड पुढे करून उडतो, म्हणून त्यात अर्धी फेरी जास्त. खरी कसोटी फ्लिप आणि लुट्झची. दोन्हींत खेळाडू पाठमोरा येतो आणि दुसऱ्या पायाच्या बुटाचं टोक बर्फात रोवून उडतो. फरक इतकाच की ज्या पायावरून तो येतो त्याचं पातं फ्लिपमध्ये आतल्या कडेवर असतं आणि लुट्झमध्ये बाहेरच्या. लुट्झची मूळ किंमत, म्हणजे उडीला आधीच ठरलेले गुण, जास्त. काही खेळाडू लुट्झला निघतात आणि शेवटच्या क्षणी पातं आत कलतं. रिप्लेमध्ये घोट्याकडे बघा, चेहऱ्याकडे नको. दोन-तीनदा मागेपुढे केलं की पात्याचा कल दिसतो. विश्लेषक “कड बदलली, पॅनेल बघेल” म्हणाला आणि गुणपत्रकात तशी खूण आली, तर त्याला पूर्ण गुण.

दुसरी जागा फेऱ्यांची. पूर्ण न फिरता उतरलेली उडी वरवर छान दिसते. एकदा एका वाहिनीवरचा समालोचक प्रत्येक लँडिंगला “अप्रतिम!” म्हणत गेला. गुण आले, कमी आले, आणि त्याने जाहीर केलं की पंचांनी अन्याय केला. रिप्लेमध्ये तीन उड्यांना पातं बर्फावर टेकल्यानंतर राहिलेली फेरी पूर्ण होताना स्पष्ट दिसत होती. इथे आणखी एक फरक ध्यानात ठेवा : उडी कोणती आणि फेरी पूर्ण झाली का, हे तांत्रिक पॅनेल ठरवतं. पंच त्या उडीच्या दर्जाला उणे पाच ते अधिक पाच श्रेणी देतात, आणि त्यांतली सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची वगळून सरासरी निघते. समालोचक दोन्हींना एकत्र ‘पंच’ म्हणत असेल तर अर्धा गुण कापा. वर त्यांच्यावर आरोप करत असेल तर पूर्ण कापा.

“पडली तरी पुढे कशी?” याचंही उत्तर इथेच आहे. चार फेऱ्यांची उडी पूर्ण फिरून पडली तर दर्जाची श्रेणी तळाला जाते, तरी मूळ किमतीचे निम्म्याच्या आसपास गुण उरतात. पडण्याचा एक गुण वेगळा वजा होतो. हे एका वाक्यात सांगता येतं. जो सांगत नाही, त्याला बहुधा माहीत नसतं.

सावधान : पडद्याच्या कोपऱ्यातल्या पेटीत प्रत्येक उडीचे तात्पुरते गुण येत असतात, आणि फेरतपासणीनंतर ते बदलतात. समालोचक ती पेटी वाचून जाणकार असल्याचा आव आणतो का ते बघा. पेटीत आकडा यायच्या आधी तो काय बोलला, तेवढंच मोजा.

स्की जंपिंगमध्ये वाऱ्याची चूक हमखास सापडते. समोरून येणारा वारा खेळाडूला उचलून धरतो, म्हणून त्याचे गुण कापले जातात. पाठीमागचा वारा त्याला खाली दाबतो, म्हणून गुण वाढवून मिळतात. “समोरून वारा, बिचाऱ्याचं नशीब खोटं” असं ऐकलंत की लाल पेन उचला. आमच्या गटातला एक पतंगबाज हे ऐकून खुर्चीतून उठला होता. बाकी हिशेब असा : के-बिंदूवर, म्हणजे टेकडीवर आखलेल्या ठरावीक अंतराच्या खुणेवर, उतरलं की अंतराचे ६० गुण, पुढच्या-मागच्या प्रत्येक मीटरला मोठ्या टेकडीवर १.८ आणि सामान्य टेकडीवर २ गुण. पाच पंच शैलीला प्रत्येकी २० पैकी गुण देतात, त्यांतले दोन टोकाचे वगळतात. एक पाय पुढे, गुडघे वाकवून उतरणं म्हणजे टेलेमार्क. तो जमला नाही हे समालोचकाने गुण यायच्या आत सांगायला हवं.

बायॅथलॉनमध्ये फक्त मोजणी तपासा. नेमबाजीच्या प्रत्येक थांब्यावर पाच लक्ष्यं असतात, ५० मीटरवर. स्प्रिंटमध्ये प्रत्येक चुकीला १५० मीटरची दंडाची चक्कर. वैयक्तिक शर्यतीत चक्कर नसते, तिथे वेळ वाढवून धरतात, पारंपरिक लांब शर्यतीत एक मिनिट. या दोन्हींची गल्लत करणारा समालोचक मी एकाहून जास्त वेळा ऐकलाय.

ल्यूजमध्ये वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. शतांश म्हणणारा चुकला.

शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगमध्ये घाई पकडा. धक्काबुक्की झाली की चित्रफीत बघून निर्णय होतो, तोवर पदक जाहीर करणाऱ्याचे गुण कापा. २००२ साली सॉल्ट लेक सिटीत १००० मीटरच्या अंतिम शर्यतीत पुढचे सगळे शेवटच्या वळणावर आडवे झाले आणि सगळ्यांच्या मागे असलेला ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी सुवर्णपदक घेऊन गेला. या खेळात शेवटची रेषा ओलांडेपर्यंत, आणि त्यानंतरही थोडा वेळ, जिभेला आवर हवा.

कर्लिंगमध्ये झाडू मारल्याने दगडाचा वेग वाढतो असं कोणी म्हणालं तर ती चूक. बर्फ घासल्याने घर्षण कमी होतं, वेग कमी होण्याचं प्रमाण घटतं, म्हणून दगड लांब जातो आणि सरळ राहतो.

टप्पा ६ : शांतता मोजा

फिगर स्केटिंगमधला चार मिनिटांचा एक फ्री स्केट घ्या आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच लावा. समालोचक बोलायला लागला की चालू, थांबला की बंद. दोन मिनिटांच्या वर गेलं तर मी या रकान्यातले निम्मे गुण कापतो. कसोटी माझी, तुम्ही तुमची ठरवा, पण सगळ्यांना एकच लावा. संगीताच्या चढत्या जागी बोलणं म्हणजे भजनात गजर रंगात आलेला असताना मंडपाच्या माइकवरून पार्किंगची सूचना देणं.

कर्लिंगची शांतता वेगळी. तिथे खेळाडूंच्या अंगावर माइक असतात आणि कर्णधार काय ठरवतोय ते थेट ऐकू येतं. खेळाडू बोलत असताना बोलणारा समालोचक खेळातली सगळ्यात रंजक गोष्ट झाकतो. खेळाडू एखाद्या अनोळखी भाषेत बोलत असतील आणि समालोचक मागाहून दोन शब्दांत अर्थ सांगत असेल, तर मात्र जास्तीचे गुण.

तपासणी : समालोचक गप्प होता तेव्हा तुम्हाला काही कळायचं राहिलं का? राहिलं असेल तर ती शांतता नव्हती, त्याच्याकडे बोलायला काही नव्हतं.

टप्पा ७ : नावं आणि आपली माणसं

नावांच्या उच्चारांवर गोमंतकीयाने कडक असावं, तो आपला हक्क आहे. रोमन पाटी वाचून केपेंचं ‘क्वेपेम’ आणि साखळीचं ‘सांक्वेलिम’ करणारे पाहुणे आपण रोज ऐकतो. तोच प्रकार स्लोव्हेनियाच्या स्की जंपर भावंडांच्या आडनावाचा : उच्चार ‘प्रेउत्स’च्या जवळ जातो, पण अक्षरं बघून ‘प्रेव्हक’ म्हणणारे भेटतात. एकदा चुकलं तर सोडा. तेच नाव तीन दिवसांनी तसंच चुकलं तर कापा.

भारतीय खेळाडूच्या वेळी कान जास्त टवकारा. बीजिंग २०२२ मध्ये भारताचा एकमेव खेळाडू आरिफ खान जायंट स्लॅलममध्ये ४५वा आला. कच्चा समालोचक यावर दोनच सूर लावतो, अभिमानाचा किंवा कीव करण्याचा. त्या दिवशी सतत बर्फ पडत होता आणि अनेक खेळाडू शर्यत पूर्णच करू शकले नव्हते, हे सांगितल्याशिवाय ४५ या आकड्याला अर्थ नाही. देशप्रेमाला गुण देऊ नका आणि कापूही नका. माहिती दिली का, एवढंच बघा.

टप्पा ८ : बेरीज

आता, आणि आताच, गुण घाला.

अचूकता : ३०
आधी सांगितलेलं : २५
कारणमीमांसा, म्हणजे टप्पा ३ मधल्या प्रश्नांची उत्तरं : २०
शांतता आणि वेळेचं भान : १५
भाषा आणि उच्चार : १०

आवाजाला रकाना नाही. यावर दर वर्षी भांडण होतं आणि दर वर्षी मी ऐकत नाही. भारदस्त आवाजाचा फायदा इतर रकान्यांत नकळत मिळतोच, वेगळे गुण कशाला?

चूक स्वतःहून सुधारली तर कापलेले गुण परत द्या. “मघाशी मी फ्लिप म्हणालो, ती लुट्झ होती” असं म्हणणारा समालोचक मला चूक न करणाऱ्याइतकाच आवडतो.

सावधान : कॅमेऱ्याचं पाप समालोचकाच्या माथी मारू नका. ऑलिम्पिकची मूळ चित्रं यजमान प्रक्षेपक संस्था पुरवते, आणि समालोचक बऱ्याचदा हजारो किलोमीटरवरच्या स्टुडिओत बसून तुम्ही बघता तेच चित्र बघत असतो. आघाडीवरचा खेळाडू दाखवत नाहीत, ही त्याचीही तक्रार असते.

सावधान : सुवर्णपदकाच्या क्षणी केलेला आरडाओरडा लक्षात राहतो आणि आधीचा पाऊण तास विसरतो. म्हणून गुण खुणांवरून घालायचे, आठवणीवरून नाही.

टप्पा ९ : दुसऱ्याच्या कागदाशी ताळा

दोघांनी वेगवेगळं बसून गुण द्यावेत आणि मग पत्रिका शेजारी ठेवाव्यात. अचूकतेच्या रकान्यात पाचापेक्षा जास्त फरक आला तर एकाने पडताळणी केलेली नाही. दोघांनी तो तुकडा पुन्हा पाहावा. भाषेच्या रकान्यात फरक आला तर सोडून द्या, तिथे आवडनिवड चालते.

शेवटची चाचणी आमच्या घरची आहे. समालोचन बहुधा इंग्रजी किंवा हिंदीत असतं. ते संपलं की मी टीव्ही बंद करतो आणि आत्याला मराठीत दोन वाक्यांत सांगायला बसतो, कोण जिंकलं आणि का. तिने उभ्या जन्मात बर्फ पाहिला तो मासळीच्या पेटीतला. ‘कोण’ मला नेहमी सांगता येतं. ‘का’ सांगताना मी अडखळलो की ती भाजी चिरता चिरता मान वर करते आणि म्हणते, “म्हणजे तुला पण कोणी सांगितलं नाही.” मग मी उठून कारणमीमांसेच्या रकान्यातले पाच गुण कमी करतो.